एकच सुगंधी तेल, वेगवेगळे हात: कुणाच्या अंगावर वास कसा येतो ते तपासायची रीत

सुगंधी तेलांचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते. मैत्रिणीच्या हातावर मोगरा कसा छान दरवळत होता, आणि तेच तेल मी लावलं तर बाम चोळल्यासारखं झालं! त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं: तुझी ‘स्किन केमिस्ट्री’ वेगळी. या उत्तराने बोलणं संपतं, पण हाती काही लागत नाही. पुढची बाटली घ्यायची की नाही, घेतली तर कुठे आणि किती लावायची, हे प्रश्न तसेच राहतात.

माझं मत असं की त्वचेच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या फरकातला बराचसा भाग त्वचेचा नसतोच. थेंब लहानमोठा पडलेला असतो, हात साबणाचा असतो, वास पाच मिनिटांनी घेतलेला असतो की दोन तासांनी याचा हिशोब नसतो, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वास घेणारं नाक वेगळं असतं. हे सगळं वेगवेगळं करून बघता येतं. त्यासाठी तीन-चार माणसं, एक ड्रॉपर, वही आणि सुट्टीचा एक दिवस पुरतो.

आधी बाटलीत काय आहे ते बघा

फुलं आणि औषधी वनस्पती एकत्र असलेल्या तेलात दोन वेगळ्या स्वभावाची मंडळी असतात. रोझमेरीत सिनिओल (निलगिरीसारख्या वासाचा रेणू) आणि कापूर असतो, लॅव्हेंडरमध्ये लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट, तुळशीच्या जातीप्रमाणे लिनालूल किंवा युजेनॉल. यातला सिनिओल फार चंचल. त्याचा उत्कलनबिंदू १७६ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, लिनालूलचा १९८, गुलाबातल्या जिरॅनिऑलचा २३०, आणि चंदनातल्या सँटालॉलचा तर ३०० च्या घरात. अंगावर काही उकळत नाही हे खरं, पण कोण आधी उडणार आणि कोण मागे राहणार याचा अंदाज या आकड्यांवरून येतो. सुरुवातीला नाकात चढतो तो पाल्याचा वास, मग फुलं पुढे येतात, आणि शेवटी चंदन, वाळा, पॅचौली असं जड काहीतरी त्वचेला धरून राहतं.

म्हणजे तुमच्या हातावर ‘बाम’ आणि मैत्रिणीच्या हातावर ‘मोगरा’ येत असेल, तर पहिला प्रश्न त्वचेचा नाही, वेळेचा आहे. दोघींनी लावून किती वेळ झाला होता?

फुलांच्या बाबतीतही नुसत्या नावावर जाऊ नका. वाफेवर काढलेल्या गुलाबतेलात फेनिलएथिल अल्कोहोल फार कमी उरतं, कारण ते पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं आणि गुलाबपाण्यात निघून जातं. विद्रावक वापरून काढलेल्या ‘अ‍ॅब्सोल्यूट’मध्ये ते भरपूर असतं. त्यामुळे दोन बाटल्यांवर ‘गुलाब’ लिहिलेलं असलं तरी आत दोन वेगळे गुलाब असू शकतात. दोघांच्या अंगावरची तुलना करायची तर तेल एकाच बाटलीतलं हवं, एकाच नावाचं असून भागत नाही.

मोगरा-जाईच्या कुळात इंडोल नावाचा रेणू असतो. अगदी विरळ असताना तो फुलाला भरीवपणा देतो. दाट झाला की डांबराच्या गोळ्यांकडे किंवा जनावराच्या अंगाच्या वासाकडे झुकतो. याच फुलांतला गोड, फळासारखा बेंझिल अ‍ॅसिटेट इंडोलच्या आधी उडून जातो. ‘सकाळी छान होतं, दुपारी कुबट झालं’ अशी तक्रार जिथे येते तिथे हीच भानगड असण्याची शक्यता मोठी.

ज्या तेलात हे सगळं मिसळलंय तेही बघा. स्प्रेमधलं अल्कोहोल क्षणात उडतं आणि सुरुवातीचे वास सोबत हवेत फेकतं. तेलात तसं होत नाही. वास अंगाजवळ राहतो, सावकाश उलगडतो आणि चार हात अंतरावर उभ्या माणसाला कदाचित कळतही नाही. होहोबा हे रसायनाच्या भाषेत द्रव मेण आहे आणि सहसा खवट होत नाही. बदामतेल त्या मानाने लवकर खवट होतं. जुन्या रोल-ऑनमधून येणाऱ्या खवट वासाचा दोष आपण उगीच स्वतःच्या कातडीला देतो.

त्वचा खरोखर काय करते

तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत: ऊब, तेलकटपणा, आणि त्वचेवर आधीच असलेले वास.

हातांच्या त्वचेचं तापमान साधारण ३२ ते ३४ अंश असतं, पण थंड हात आणि चालून आलेल्या माणसाचे गरम हात यांत फरक पडतोच. ऊब जास्त तितकं उडणं जलद. वासाचे बहुतेक रेणू तेलात विरघळणारे आहेत, त्यामुळे तेलकट त्वचा त्यांना धरून ठेवते. कोरड्या, पांढुरक्या पडलेल्या त्वचेवर थेंब लगेच जिरतो आणि वास लवकर विरतो. त्वचेवर आधीचं लोशन, साबण, डिओडरंट किंवा कपड्याला लागलेली डिटर्जंटची पूड असेल तर तेही मिश्रणात आलं. घामाचंही तेच. ताज्या घामाला फारसा वास नसतो, तो त्वचेवरचे जिवाणू तयार करतात, आणि कुणाच्या अंगावर कोणते जिवाणू किती हे वेगळं असतं.

पीएचबद्दल, म्हणजे आम्ल-अल्कलीच्या मापाबद्दल, बरंच बोललं जातं. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण साडेचार ते साडेपाच. माणसामाणसांत थोडा फरक असतो हे खरं. पण वासाचे बहुतेक रेणू आम्लही नाहीत आणि अल्कलीही नाहीत, त्यामुळे एवढ्याशा फरकाने गुलाबाचा काही वेगळाच वास होईल हे मला पटत नाही.

सुगंधाच्या धंद्यात दवण्याची मात्र ख्याती आहे, की तो प्रत्येकाच्या अंगावर वेगळा खुलतो. तुमच्या तेलात दवणा असेल तर चाचणीला रंगत येईल. फक्त ऐकीव गोष्टीवर विसंबून आधीच निकाल लावू नका.

आदल्या दोन दिवसांत: पॅच टेस्ट

हा टप्पा गाळू नका. नैसर्गिक म्हणजे सौम्य, हा समज सुगंधी तेलांच्या बाबतीत महागात पडतो. लिनालूल आणि लिमोनीन हवेशी संयोग पावून जी द्रव्यं बनतात ती अ‍ॅलर्जी आणणारी म्हणून ओळखली जातात, म्हणून उघडून ठेवलेली जुनी बाटली ताज्या बाटलीपेक्षा जास्त त्रास देऊ शकते. भाग घेणाऱ्या प्रत्येकाने हाताच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून ४८ तास लक्ष ठेवायचं. खाज, लाली, पुरळ यांपैकी काही दिसलं तर धुऊन टाका आणि ती व्यक्ती फक्त नाकाने भाग घेईल, हाताने नाही. दमा असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावं. तेलात दाबून काढलेलं बर्गमॉट (लिंबाच्या कुळातल्या फळाच्या सालीचं तेल) असेल तर ते लावलेली जागा उन्हात उघडी ठेवू नका, त्वचेवर डाग पडू शकतात. आणि पातळ न केलेलं शुद्ध इसेन्शियल ऑइल थेट अंगाला लावून ही चाचणी करायची नाही.

चाचणीचा दिवस

पहिली पायरी: कागद. जाडसर, बिनवासाच्या कागदाची पट्टी घ्या. जलरंगाचा कागद उत्तम चालतो. टोकाला एक थेंब लावा, वेळ लिहा आणि पट्टी टोक वर राहील अशी ठेवा. कागदाला ऊब नाही, घाम नाही, स्वतःची स्निग्धता नाही, त्यामुळे तेल स्वतःहून कसं उलगडतं ते इथे कळतं. पुढचे सगळे हात या पट्टीशी ताडून बघायचे आहेत. पट्टीवरही बामच येत असेल तर विषय तिथेच मिटला.

दुसरी पायरी: हात तयार करणे. सगळ्यांनी एकाच बिनवासाच्या साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, टिपायचे आणि अर्धा तास थांबायचं. साबणाने त्वचेचा पीएच तात्पुरता वाढतो आणि वरची स्निग्धता निघून जाते, म्हणून ही सवड. त्या दिवशी परफ्यूम, वासाचं लोशन, वासाचं केसांचं तेल काही नको. बाह्या दुमडा. कपड्यांना फॅब्रिक कंडिशनरचा वास येत असेल तर कपडे बदला, हा वास वाटतो त्याहून जास्त लुडबूड करतो.

तिसरी पायरी: दोन्ही हात वेगळे करणे. एका हाताला काहीच लावायचं नाही. दुसऱ्या हाताला बिनवासाचं मॉइश्चरायझर अगदी पातळ लावायचं आणि दहा मिनिटं मुरू द्यायचं. या सगळ्या खटाटोपातली मला सर्वांत मोलाची वाटणारी पायरी हीच. एकाच माणसाचा एक हात कोरडा, एक ओलसर. जनुकं तीच, खाणंपिणं तेच, औषधं तीच. तरी दोन हातांवर वास वेगळा आला, तर तुमची ‘केमिस्ट्री’ म्हणजे बहुतांशी कोरडेपणा होता.

चौथी पायरी: थेंब. रोल-ऑन नको, त्याची गोळी कुणाच्या हातावर दोनदा फिरते, कुणाच्या पाचदा. शिवाय एकाच्या त्वचेवरचं तेल ती दुसऱ्याकडे नेते. ड्रॉपरने प्रत्येक हातावर एकच थेंब टाका. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटर झाला, आणि तेवढं पुरे. जागा मनगटाऐवजी कोपराच्या जरा खाली, आतल्या बाजूला. मनगट धुतलं जातं, घड्याळाचा पट्टा घासतो, टेबलाला पुसलं जातं. स्वच्छ काडीने थेंब नाण्याएवढ्या जागेत पसरवा.

घासू नका, असं सगळेच सांगतात. घासल्याने ‘रेणू तुटतात’ वगैरे काही नाही. पण घासल्याने जागा गरम होते, थर पातळ आणि मोठा होतो, आणि सुरुवातीचा पाल्याचा वास लवकर उडतो. तुलनेत एकाने घासलं आणि दुसऱ्याने नाही, की सगळं फिसकटलं.

पाचवी पायरी: वेळा. पाच मिनिटं, अर्धा तास, दोन तास, पाच तास. प्रत्येक वेळी आधी वीतभर अंतरावरून वास घ्या, मग जवळून. दूरचा वास तुमच्या शेजारी बसणाऱ्याला येणारा आहे, जवळचा फक्त तुमचा.

हात डोळ्यांनीही बघा. कोरड्या हातावरचा थेंब काही मिनिटांत दिसेनासा होतो, जागा मॅट पडते आणि पाल्याची टोचणी लवकर ओसरून फुलं पुढे सरकतात. मॉइश्चरायझर लावलेल्या हातावर मंद चकाकी टिकते, रोझमेरी-लॅव्हेंडर जास्त वेळ रेंगाळतात, फुलं उशिरा येतात पण टिकतात. अर्ध्या तासाच्या टप्प्याला दोन्ही हात आलटून पालटून नाकाशी नेले, तर कधीकधी दोन वेगळी तेलं लावल्यासारखं वाटतं.

मध्ये नाक थकलं तर बाहेरच्या हवेत जा किंवा स्वतःच्या बाहीचा, तेल न लागलेल्या भागाचा वास घ्या. कॉफीच्या बिया हुंगायची पद्धत खूप प्रसिद्ध आहे, पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्या साध्या हवेपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

सहावी पायरी: नाकांची अदलाबदल. प्रत्येकाने स्वतःचे हात हुंगून थांबायचं नाही. एकाने डोळे मिटायचे, बाकीच्यांनी न बोलता एकेक हात पुढे करायचा. हातांना क्रमांक द्या, नावं नकोत. शब्द वहीत लिहायचे, मोठ्याने बोलायचे नाहीत. कुणी एकदा ‘अगं, साबणासारखं येतंय’ म्हटलं की उरलेल्या सगळ्यांना साबण यायला लागतो. शब्द साधे असू द्या: गोड, कडवट, ओला पाला, औषध, पावडर, माती, काहीच नाही.

वही कशी वाचायची

उभ्या रकान्यांत हात, आडव्या ओळींत नाकं, असा तक्ता करा. प्रत्येक चौकोनात चार वेळांचे शब्द.

एखाद्या हाताच्या रकान्यात सगळ्या नाकांनी ‘तीव्र, औषधी’ लिहिलं असेल आणि बाकी रकान्यांत नसेल, तर फरक त्या त्वचेचा आहे. एखाद्या नाकाच्या ओळीत सगळ्याच हातांवर तोच शब्द आला असेल, तर फरक त्या नाकाचा. तक्ता पहिल्यांदा करणाऱ्यांना या दुसऱ्या गोष्टीचं आश्चर्य वाटतं, पण ती अगदी साधी गोष्ट आहे. माणसाच्या नाकात वास टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही (रिसेप्टर) आहेत आणि त्यांचा संच दोन माणसांत तंतोतंत सारखा नसतो. बीटा-आयोनोन हा व्हायोलेटच्या फुलाचा रेणू घ्या. गुलाबातही तो सूक्ष्म प्रमाणात असतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की तो किती जाणवतो हे प्रामुख्याने ओआर५ए१ या एका जनुकावर ठरतं. ज्यांना तो नीट जाणवतो ते त्याला सुवासिक, फुलासारखा म्हणतात; ज्यांना जाणवत नाही त्यांना तो वाढवल्यावर आंबट, झोंबणारा वाटतो. अशा माणसाला व्हायोलेट असलेलं तेल कुणाच्याही अंगावर आंबटच येणार. स्वतःच्या अंगावर लावून तो म्हणेल, माझ्या त्वचेला हे मानवत नाही. त्वचेचा इथे काही संबंध नसतो.

तळाशी वापरल्या जाणाऱ्या काही कृत्रिम कस्तुरीगंधांचंही असंच आहे. रेणू मोठे असतात आणि काहींना ते येतच नाहीत. पाच तासांनी एकाच्या ओळीत सगळीकडे ‘काहीच नाही’ आणि इतरांच्या ओळींत ‘मऊ, गोडसर’ असेल तर हे कारण तपासा. सर्दी, करोनानंतर बिघडलेला गंध, गरोदरपण यांनीही नाक बदलतं. अशा वेळची नोंद वहीत वेगळी ठेवा.

दोन्हीपैकी काहीच जुळलं नाही, तक्ता नुसता विस्कळीत दिसला, तर बहुधा थेंब सारखे पडले नव्हते. दुसऱ्या दिवशी परत करा.

तक्रारींवर उपाय

‘औषधासारखं येतं’ ही तक्रार सर्वांत जास्त, आणि सोडवायला सर्वांत सोपी. घराबाहेर पडण्याच्या अर्धा तास आधी लावा. सिनिओल-कापूर ओसरल्यावर लोकांसमोर जा. मात्रा निम्मी करा. लॅव्हेंडर, तुळस, रोझमेरी थेंबाथेंबाने बदलतात. एका थेंबाला प्रसन्न वाटणारं तेल तीन थेंबांना दवाखान्यात नेऊन बसवतं.

‘साबणासारखं येतं’ यात अंगापेक्षा आठवण जास्त असते. लॅव्हेंडर आणि गुलाब साबणांत इतके वापरले गेलेत की त्यांची जोडी नाकाला तिथेच घेऊन जाते. तक्त्यात हा शब्द एकाच ओळीत सगळीकडे दिसला तर उपाय नाही, दुसरं तेल बघा. एकाच हातावर दिसला तर तो हात पुन्हा नीट खळखळून धुवा.

‘माझ्यावर टिकत नाही’ असं वाटलं तर पाच तासांनी दुसऱ्याला हुंगायला सांगा. नाक सततच्या वासाला सरावतं आणि कळवणं बंद करतं. वास मात्र असतो. खरंच नसेल तर बिनवासाचं मॉइश्चरायझर आधी लावा, किंवा लावायची जागा बदलून कपड्याखालच्या त्वचेवर लावा. कपड्यावर थेट लावू नका, तेलाचा डाग सहज जात नाही, रेशमावर तर नाहीच.

‘दुपारनंतर कुबट होतं’ हे जाई-मोगऱ्याच्या तेलांबाबत असेल तर काखेजवळ, मानेमागे, घाम येणाऱ्या जागी लावणं बंद करा आणि हाताच्या बाहेरच्या, थंड बाजूला लावून बघा. तरी तसंच राहिलं तर इंडोल कमी असलेलं फूल निवडा. मला स्वतःला तो जडपणा आवडतो, पण बंद खोलीत शेजारी बसणाऱ्यांना तो आवडेलच असं नाही.

‘खवट’ शब्द कुठल्याही रकान्यात आला तर आधी बाटलीचं तोंड पुसून हुंगा. तिथेही खवट असेल तर बाटली गेली. नवी आणाल ती उजेडापासून लांब, थंड जागी, झाकण घट्ट लावून ठेवा.

दुसऱ्यासाठी घेताना

२०१२ साली चेक संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास इथे कामाचा आहे. त्यांनी काही पुरुषांना एका काखेत स्वतः निवडलेला आणि दुसऱ्या काखेत संशोधकांनी दिलेला सुगंध लावायला सांगितलं. अंगाच्या वासात मिसळल्यावर स्वतःच्या निवडीचं मिश्रण हुंगणाऱ्यांना जास्त आवडलं, जरी नुसत्या सुगंधांच्या आवडीत तसा फरक नव्हता. म्हणजे माणूस स्वतःसाठी निवडताना नकळत काहीतरी बरोबर हेरतो. त्वचेचा वाटा आहेच, फक्त तो आपण समजतो तिथे नसतो.

म्हणून भेट द्यायची असेल तर मोठी बाटली घेण्याआधी एक-दोन मिलिलिटरच्या कुप्या द्या, दोन-तीन वेगळ्या तेलांच्या. एका दिवशी एकच तेल, सकाळी लावून संध्याकाळपर्यंत. दुकानात दोन्ही हातांवर पाच-सहा तेलं लावून पाच मिनिटांत निवड केली तर ती फक्त सुरुवातीच्या पाल्याची निवड असते. कोणती कुपी आधी रिकामी होते ते बघा आणि बाटली त्या तेलाची घ्या.